राजाबाईने ओ दिली

रविवार, २० एप्रिल २०२५. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. पहाटे ४.१० ला उठले. गुडघा बरा. काल आणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या मोगऱ्याच्या पुड्या घेतल्या. ५.२० ला रिक्षा मिळाली. दफनभूमीत ब्याण्णव माणसे, पैकी लहान मुले अकरा. ढोलकी गोटीरामभाऊंची, पेटी मितेशची. सूर्योदय ६.१८. नावे वाचताना माझ्या हातची एक चूक उघडकीला आली. एकतीस वर्षांतली पहिली. देवाची स्तुती असो.

चूक झाली आणि पाठोपाठ देवाची स्तुती, हे कसं काय, असं कुणीही विचारील. सकाळपासून मीही स्वतःला तेच विचारते आहे. म्हणून आज रोजच्या चार ओळींवर थांबत नाही. राजाबाई वायदंडेची हकीकत पहिल्यापासून लिहिते. चर्चच्या मंडळीच्या अंकाला ती द्यावी, असं आमच्या पाळकांचंही म्हणणं आहे.

राजाबाईचं वय बासष्ट. सातारा तालुक्यातल्या एका लहान गावात ती जन्मली. तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. गावात ख्रिस्ती घरं तीनच. दोन बहिणी पाळण्यातच दगावल्या, ही तिसरी जगली, म्हणून आजीने हौसेने नाव ठेवलं राजाबाई. चौथीपर्यंत शाळा आणि सतराव्या वर्षी लग्न. नवरा सयाजी माथाडी कामगार होता. दिवसभर पाठीवरून गोण्या वाहायच्या. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून इकडे हलला तसं हे जोडपंही खाडी ओलांडून कोपरखैरण्याला आलं.

सयाजी गोण्या वाहायचा आणि राजाबाई गाळ्यात कांदा निवडायला बसायची. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गोणीच्या तोंडाशी नाक नेऊन सांगायची, "मधी तीन नासल्यात." गोणी ओतली की तीनच निघायचे. एकदा चार निघाले आणि व्यापारी हसला, तर म्हणाली, "म्या बोलले तवा तीनच हुते. चौथा तुमच्या बोलण्यात नासला."

अशी ती बोलकी बाई होती. उपासना संपली की दाराशी तिचा घोळका असायचा. तिच्या हसण्यामुळे पोरंटोरं जवळ यायची.

आता नावाचं सांगते. सयाजीने तिला जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. नवराबायकोने एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही रीत देवळातल्या आणि चर्चमधल्या माणसांनी सारखीच पाळली आहे. आधी ती 'अगं ए' होती. मुलगा झाला तशी 'धनाजीची आई' झाली. बाजारात 'सयाजीची', शेजारी 'धनाजीची आई', मंडळीच्या वहीत 'सौ. वायदंडे' आणि दहा वर्षांपूर्वी सयाजी वारला तेव्हापासून 'श्रीमती वायदंडे'. या सगळ्यात 'धनाजीची आई' हेच तिचं खरं नाव होऊन बसलं. त्या नावाने हाक आली की ती तीन मजले ओलांडून उत्तर द्यायची.

धनाजी एकुलता एक. घराण्यात टेबलखुर्चीवर बसून काम करणारा पहिलाच. बेलापूरला एका वकिलांकडे कारकून होता. संध्याकाळी आला की खालूनच ओरडायचा, "आई, चावी टाक!" दार उघडंच असायचं, चावी लागायची नाही, पण शाळेत असतानाची सवय मिशा पिकायला लागल्या तरी गेली नव्हती. त्याची बायको तेजश्री ऐरोलीला एका कंपनीत आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. सासूसून भांडतही छान असत. म्हणजे पाच मिनिटं भांडायच्या आणि सहाव्या मिनिटाला एका ताटात चिवडा.

गेल्या ११ डिसेंबरला धनाजी ऑफिसातून आला, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसला आणि तिथेच गेला. हृदय बंद पडलं. वय एक्केचाळीस.

दफन झालं, दिवस जाऊ लागले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली. कुणी ठरवली नव्हती, दयेपोटी झाली. 'धनाजीची आई' म्हणून हाक मारली तर तिच्या काळजाला लागेल, म्हणून आम्ही ती हाक बंद केली. पण तिच्या जागी दुसरी कोणती हाक आमच्याकडे नव्हतीच. मग कुणी 'अहो' म्हणायचं, कुणी नुसता खांद्याला हात लावायचं. बरेच जण लांबून मान हलवून पुढे जायचे. मुलगा देवाने नेला होता. नाव आम्ही काढून घेतलं. हे मला तेव्हा कळलं नाही, आज कळलं.

राजाबाई मुकी झाली. विचारलं तर 'व्हय', 'न्हाई', एवढंच. हाकेला तर उत्तरच नाही. तेजश्री आतल्या खोलीतून 'आई, आई' करून दमायची. त्या शब्दाला सासू मान वळवत नसे. तो शब्द ज्याचा होता तो गेला होता.

आता आमच्या रिवाजाचं. पुनरुत्थानदिनी पहाटे आमची मंडळी दफनभूमीत जमते. उजाडायच्या सुमाराला पाळक वर्षभरात प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची नावं वाचतात. प्रत्येक नावानंतर घरचं माणूस पुढे येतं आणि पांढऱ्या कापडाच्या टेबलावर मोगऱ्याची ओंजळ ठेवतं. ती यादी मी लिहिते. पहिल्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव माझ्या यजमानांचं, वामनरावांचं होतं; तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. कागदावर दोन रकाने. डावीकडे गेलेल्याचं नाव, उजवीकडे 'फुले कोणाकडून'. पाळक फक्त डावा रकाना वाचतात.

बुधवारी, १६ तारखेला, तेजश्री सासूला घेऊन माझ्या घरी नेरुळला आली. मी वही उघडली. डावीकडे लिहिलं, धनाजी सयाजी वायदंडे. मग सवयीने विचारलं, "फुलं कुणाकडून लिहू? धनाजीची आई?"

राजाबाईने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"ती गेली त्याच्यासंगं," ती म्हणाली.

मला ओशाळल्यासारखं झालं. "मग तुमचं नाव लिहिते. काय नाव तुमचं?"

ती खिडकीबाहेरच पाहत राहिली. मी तेजश्रीकडे पाहिलं, तर तिनेही कपाळाला हात लावला. "अय्या ताई, मला पटकन आठवेना. आधार कार्डावर आहे. राजा... राजाबाई! हो ना आई?"

 मी बाजूच्या चिठ्ठीवर टिपून घेतलं, राजाबाई सयाजी वायदंडे. एकाच मंडळीत तीस वर्षं काढली आणि मला ते त्या दिवशी कळलं.

"ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना," तेजश्री म्हणाली. "सोमवारी गावाला निघाल्यात. तिकीट काढलंय. गाठोडं बांधून दाराशी ठेवलंय."

"चार दिवस हवापालट होईल," मी म्हणाले.

"चार दिवस नाही हो. कायमच्या."

"भावाच्या पडवीत पडंन," राजाबाई भिंतीशी बोलावं तसं बोलली. "आयच्या कबरीशेजारी जागा हाय. हितं काय ऱ्हायलंय?"

"मी नाही का राहिलेय?" तेजश्रीचा आवाज चढला. "माझे बाबा कोल्हापूरला चल म्हणतात, त्यांना मी नाही म्हटलं. कुणाच्या भरवशावर? तुम्ही गेलात तर संध्याकाळी कामावरून येऊन मी कुणाचं दार उघडू?"

"तू तरणी हाईस. तुजं हुईल कायतरी. मला आता मेल्यातच धर."

तेजश्री उठून स्वयंपाकघरात गेली आणि बेसिनचा नळ सोडून रडली.  मी त्या दोघींसाठी प्रार्थना केली. राजाबाईने 'आमेन' म्हटलं नाही.

शनिवारी दुपारी जेवण आटोपून मी यादी स्वच्छ कागदावर उतरवली. सावकाश, शाईच्या पेनाने. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेलं वळण आहे, ओळ वाकडी गेली तर मला झोप येत नाही. नावं मोजली, पंधरा. एकेक अक्षर तपासलं. कागदाची घडी घालून पाळकांकडे पाठवून दिली.

आज पहाटे दफनभूमीत चांगला गार वारा होता. खाडीकडून येत होता. तेजश्री फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत यायचा धीर होईना. राजाबाई मात्र सरळ चालत गेली आणि धनाजीच्या कबरीशी जमिनीवर बसली. कबरीला दगड बसवलेला नाही अजून, लाकडी क्रूस आहे. तिचं तोंड कबरीकडे आणि पाठ आम्हा सगळ्यांकडे. गायन झालं, प्रार्थना झाली, ती हलली नाही. मला वाटलं, उद्या ही जाणार, आणि पुढच्या एखाद्या वर्षी हिचं नाव गावाहून पत्राने कळणार.

आमचे पाळक केयूर मागच्या जूनमध्येच इथे आले. वय चौतीस. माणसांची ओळख अजून व्हायची आहे. ते पूर्वेकडे पाठ करून उभे राहिले आणि माझा कागद उघडून एकेक नाव वाचू लागले. लोक पुढे येत होते, फुलं ठेवत होते.

"धनाजी सयाजी वायदंडे."

राजाबाई उठली नाही. तिच्या वतीने मीच ओंजळ घेऊन गेले. फुलं ठेवली, वळले आणि जागेवर पोचते न पोचते तोच कानांवर आलं,

"राजाबाई सयाजी वायदंडे."

मी होते तिथेच थांबले. आजूबाजूला कुणालाच काही वाटलं नाही, कारण ते नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. वायदंड्यांची गावाकडची कुणी म्हातारी असेल, असं वाटलं असणार. कुणी पुढे येईना. 'थांबा' म्हणायला मी गर्दीतून पुढे निघाले. पाळकांनी कागदावरून डोळे वर केले. मागच्या माणसांना ऐकू गेलं नसेल असं समजून ते मोठ्याने म्हणाले, आणि या वेळी पूर्ण नावही नाही, नुसतं,

"राजाबाई!"

विचारावं तसं. घरातलं कुणी कुणाला बोलावतं तसं.

"ओ!"

कबरीकडून आलं ते. स्वच्छ, मोठ्याने, तीन मजले ओलांडणारं.

राजाबाईने बसल्या जागी मान वळवली होती. नेमका त्याच वेळी दोन इमारतींच्या फटीतून सूर्य पाळकांच्या पाठीमागे वर आला. पांढरा झगा, त्यामागे तो प्रकाश. तिच्या जागेवरून तोंड दिसणं शक्य नव्हतं. तिने डोळ्यांवर हात धरला.

"ओऽ! आले, आले!"

आणि ती उठली. मांडी घातली की दोघांनी धरून उठवावी लागणारी बाई एकटी, कशाचाही आधार न घेता उभी राहिली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.  मग गोटीरामभाऊंनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. हे सयाजीबरोबर गोण्या वाहिलेले, आता मंडळीचा कारभार पाहणारे वडील.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "मेलेल्याचं नाव वाचलं आणि त्यानं ओ दिली, असं तुमच्या शिक्षणात कुठं शिकवलं हुतं का?"

एक बाई फिस्सकन हसली आणि मग सगळी दफनभूमी हसत सुटली. हसता हसता दोघीतिघी रडायला लागल्या. पाळकांचा चेहरा पांढराफटक. ते कागदाकडे पाहत, राजाबाईकडे पाहत, परत कागदाकडे. मी धावतच गेले, जमेल तेवढी.

"माझी चूक," मी म्हणाले. "माझीच. ती जिवंत आहे."

"ते दिसतंय की, ताई," गोटीरामभाऊ म्हणाले.

कागद पाहिला. माझंच अक्षर. धनाजीच्या नावासमोर उजवा रकाना कोरा, आणि त्याच्याखाली, डाव्या रकान्यात, ओळीत, ठसठशीत: राजाबाई सयाजी वायदंडे. मी मोजलेलं पंधरावं नाव.

असं का झालं, ते तिथेच उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं, आणि ते लिहून ठेवलंच पाहिजे. एकतीस याद्या लिहिल्या मी. उजव्या रकान्यात बायका असायच्या, पण कशा? मितेशची आई. सौ. साळवे. सिताराममामांची सून. बाईचं स्वतःचं, आईबापांनी ठेवलेलं नाव मी फक्त डावीकडे लिहीत आले. ती मेल्यावर. बाईचं पूर्ण नाव समोर आलं की माझा हात आपोआप मेलेल्यांकडे जायचा. आम्ही बायकांना नाव देतो ते मरणानंतर. हात चुकला नाही. त्याला जे वळण लावलं होतं, तिकडेच गेला.

राजाबाई तोवर टेबलापर्यंत आली होती. चालत कसली, ढांगा टाकत.

"कुणी हाक मारली?"

"मी... मावशी, माफ करा," केयूर पाळक म्हणाले. "यादीत जरा गडबड झाली. मला माहीत नव्हतं की..."

तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आवाज तुमचाच हुता," ती म्हणाली. "दर ऐतवारी ऐकते, म्या वळखते. पन हाक तुमची न्हवती."

"म्हणजे?"

"तुमाला माजं नावच ठावं न्हाई. तुमी कागद वाचला. हाक मारणाऱ्याला ठावं हुतं." तिने छातीवर हात ठेवला. "पयल्यांदा नाव आलं तवा वाटलं, दुसरी कुनी राजाबाई असंल. दुसऱ्यांदा आलं. आजी मारायची तशी. मागनं. म्या तर पोराकडं बघत हुते, मातीकडं. वळले. तोंड दिसलं न्हाई, निस्ता उजेड. पाळकसाहेब, त्यो हुता. खरं सांगते, त्योच हुता!"

 पाळकांनी कागद खाली ठेवला आणि डोळे पुसले. मला त्या क्षणी ते फार आवडले.

मग राजाबाईला कुणाची तरी आठवण झाली. इकडेतिकडे पाहिलं आणि पदर खोचून ती फाटकाकडे पळत सुटली. हो, पळत!

"तेजश्री! ए तेजश्रीऽ!"

"अगं जपून!" गोटीरामभाऊ ओरडले. "पडलीस तर ताईंची यादी खरी हुईल!"

"तुमचं नाव लिवा त्यात! ढोलकी बेसूर लागलीया सकाळपासनं!" तिने पळता पळता उलट दिलं. चार महिन्यांनी बोलायला लागली आणि पहिल्याच झटक्यात ढोलकीवर आली.

मी फाटकाशी पोचले तोवर तेजश्री तिचे दोन्ही हात धरून घाबरून विचारत होती, "काय झालं, आई? पडलात का? कुणी काही बोललं का?"

"बोलावलं मला."

"कोणी?"

"परभूनं. नाव घेऊन. मेलेल्यांच्या यादीत हुतं माजं नाव, तिथनं बोलावलं. म्या ओ दिली."

तेजश्रीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, ह्यांना ऊन लागलं का?"

"साडेसहाला कसलं आलंय ऊन," मी म्हणाले. "ती सांगते ते खरं आहे. नाव मीच चुकीच्या जागी लिहिलं."

"मग ते पाळकांनी वाचलं. एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला कळलं की ते एवढंच नाही.

राजाबाईचा चेहरा एकदम बदलला. ती कबरीच्या दिशेने पाहू लागली.

"धनाजी न्हाई आला," ती हळू म्हणाली. "म्या बघितलं उठल्यावर. वाटलं, मला बोलावलंय तर त्यालाबी... माती तशीच हाय." आणि ती रडली. दफनाच्या दिवशी रडली नव्हती, चाळिसाव्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं तेजश्रीच्या खांद्यावर. बराच वेळ. मग नाक पुसून, त्याच दमात, "पन तेजश्री, माजं नाव घरात कुनाला आठवत न्हवतं, तुला सुदीक. त्याला आठवलं. मग त्यो आपल्या धनाजीला इसरंल व्हय?"

 तेजश्रीने मान हलवली, नाही म्हणून.

"चल," राजाबाई म्हणाली, "आत चल. त्याला फुलं घालू दोघी. आन् घरी गेल्यावर गाठुडं सोड. तिकडं आयच्या शेजारची जागा काय पळून जात न्हाई. मेल्यात मला धरू नगं, नाव तपासून झालंय माजं."

"आणि तिकीट?"

"फाड!"

"फोनवर आहे हो ते."

"मग फोनवर फाड!"

तेजश्री हसली. दोघी हात धरून आत गेल्या, आणि आम्ही बाकीचे गोटीरामभाऊंच्या बेसूर ढोलकीवर गायला लागलो.

लहानपणी शाळेत सिस्टर आम्हाला मरियेची, प्रभूच्या शिष्येची, गोष्ट सांगायच्या, त्याच्या कबरीशी रडत बसलेली, आणि उठलेल्या प्रभूला बागेचा माळी समजलेली. मला नेहमी वाटायचं, एवढी जवळची बाई, तिला चेहरा कसा ओळखू आला नाही? सिस्टरांना विचारलंही होतं, आणि उद्धट प्रश्नाबद्दल उभी राहिले होते. आता माझं वय सत्याहत्तर आणि मला उत्तर मिळालं. दुःखात डोळे उपयोगाचे राहत नाहीत. ते ज्याला शोधतात त्याच्याखेरीज त्यांना काही दिसत नाही. कान तेवढे उघडे असतात. म्हणून त्याने तिला स्वतःची ओळख सांगितली नाही, पुरावा दिला नाही. तिचं नाव घेतलं, आणि तिने ओळखलं. आणि त्यासाठी त्याला माळ्याचा वेष चालला, तसा आज केयूर पाळकांचा गळा चालला आणि माझी चूकही चालली. मी निर्दोष यादी केली असती तर आज राजाबाई मुकीच उठून घरी गेली असती आणि उद्या सातारच्या गाडीत बसली असती. हा विचार मनात आला की मला खुर्चीत बसवत नाही. तीनदा उठून गॅलरीत जाऊन आले.

उपासनेनंतर बायका माझ्याकडे आल्या. बोलावल्या नव्हत्या, राजाबाई आली, तिच्यामागून सगळ्या. सोफा भरला, मग पलंग, मग जमीन. राजाबाई मधोमध. आल्या आल्या तिने शेजारणीला विचारलं, "तुजं नाव काय गं?"

"माझं? मितेशची आई."

"ते पोराचं झालं. तुजं?"

ती लाजली. पदराचा शेव चावत म्हणाली, "गोजरा."

"गोजरा! ए बायांनो, ही गोजरा हाय!"

मग काय, एकेकीला उठवून विचारणं सुरू झालं. कुणाचं नाव सगुणा निघालं, कुणाचं दयावंती. साळवेबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांना तरी आठवतंय का, घरी जाऊन विचारते." हसून हसून पुरे झालं. प्रत्येक नावाला बाकीच्यांनी हाक मारायची आणि तिने ओ द्यायची. खालच्या मजल्यावरचे धनगरसाहेब वर येऊन विचारून गेले, काय चाललंय, हजेरी का? शेवटी राजाबाई माझ्याकडे वळली.

"ताई, तुमचं?"

शाळेच्या दाखल्यावर सिस्टरांनी कॅथरिन लिहिलं. मंडळीत मी ताई. आईने ठेवलेलं नाव शेवटचं कधी ऐकलं, ते माझ्या कुठल्याच वहीत नाही.

"काशी," मी म्हणाले.

"काशी!" राजाबाईने हाक मारली.

मी ओ दिली. आणि मग मला थोडा वेळ स्वयंपाकघरात जावं लागलं.

दुपारी दोघी कोपरखैरण्याला गेल्या. पाच वाजता तेजश्रीचा फोन आला. गाठोडं सुटलं आहे. आत सासूने धनाजीचे तीन शर्ट बांधले होते, ते दोघींनी धुऊन वाळत घातले. राजाबाई गॅलरीत उभी राहून शेजारच्या बायकांची नावं विचारते आहे. "ताई, आता ह्यांना गप्प कसं करायचं ते सांगा," ती म्हणाली, पण आवाजावरून तिला उत्तर नको होतं.

संध्या. ७.३०. नवीन यादीचा कागद आखला. आता दोन्ही रकान्यांत पूर्ण नावे. आज घरी एकवीस कप चहा झाला. साखर संपली.